मेणाला मेणच चिकटतं : दुकानातली साधी मेणबत्ती घरी सजवताना

पहिली मेणबत्ती सजवली तेव्हा माझ्या हातात पांढरा गोंद आणि आरशाच्या टिकल्या होत्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. किराणा दुकानातून आणलेल्या जाड मेणबत्तीला गोंद फासला, टिकल्या ओळीनं बसवल्या आणि रात्रभर वाळू दिलं. सकाळी उचलायला गेले, तर गोंदाचा वाळलेला पापुद्रा टिकल्यांसकट सालीसारखा सुटून हातात आला. मेणबत्ती होती तशी पांढरी. उलट आदल्या दिवशीपेक्षा जरा स्वच्छच.

मेण तेलकट असतं. ज्यात पाणी आहे असं काहीही, म्हणजे गोंद, जलरंग, पोस्टर रंग, त्यावर बसतच नाही, आत मुरणं तर दूरच. मेणाला चिकटतं ते मेण, आणि त्यासाठी लागते ती थोडी ऊब. वरचा थर जरा विरघळवायचा, त्यात हवं ते बसवायचं आणि थंड होऊ द्यायचं. पुढे जे सांगतेय ते सगळं एवढ्या एका गोष्टीवर चालतं. गोंदाची बाटली कपाटात ठेवून द्या.

आधी मेणबत्ती निवडा

आमच्याकडे भारनियमनाच्या काळातली पाकिटं माळ्यावर बरीच वर्षं पडून होती, काडीसारख्या सडपातळ पांढऱ्या मेणबत्त्यांची. सराव करायला त्याच उत्तम. त्या रंगात बुडवता येतात, पिळता येतात, बिघडल्या तर जीव हळहळत नाही. पण पानं-फुलं किंवा चित्र लावायचं असेल तर जाड मेणबत्ती हवी : रुंदी निदान ७ सेंटिमीटर, उंची १० ते १५. सडपातळ मेणबत्ती जळते तेव्हा कडेपर्यंत सगळंच वितळतं, आणि तिच्यावर लावलेलं पान थेट ज्योतीच्या तोंडी जातं. जाड मेणबत्तीत ज्योत मधोमध असते आणि कडेची भिंत बराच वेळ शाबूत राहते.

सुरुवातीला पांढरी आणि बिनवासाची घ्या. रंगीत घेतलीच, तर बुडाला नखानं खरवडून बघा. बऱ्याच रंगीत मेणबत्त्या आतून पांढऱ्याच असतात, रंग फक्त वरच्या थरात. ही फसवणूक नाही, पुढे हीच गोष्ट आपल्या कामाला येणार आहे.

किमतीचं स्टिकर ओढून काढू नका, खड्डा पडतो. दहा सेकंद हेअर ड्रायर धरा, आपोआप सुटतं. मग सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवून धूळ आणि बोटांचे डाग पुसा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम गॅसपासून लांब, आणि बाटली बंद करून जागेवर ठेवूनच पुढचं.

विस्तवाचं तेवढं ऐका

मेण थेट गॅसवर वितळवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात मेण. चॉकलेट वितळवतो तसं. साधं मेण साधारण ५० ते ६५ अंशांच्या मधे कुठेतरी वितळतं, त्यामुळे गरम पाणी पुरतं. पाणी उकळल्यावर फुटतं, आवाज करतं. मेण तसली काही सूचना देत नाही, शांतपणे तापत जातं, मग धूर सोडतं आणि मग पेटतं. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद, वर झाकण. उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका. पाइपात थिजलं की प्लंबरला बोलवावं लागतं, आणि त्याला कारण सांगताना लाज वाटते.

यासाठी एक जुनं भांडं कायमचं बाजूला काढा. पुन्हा त्यात दूध तापवायचं नाही.

वाळकी पानं, गरम चमचा

नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत. सामान घरातलंच लागतं, आणि बिघडलं तरी दिसायला वाईट दिसत नाही.

पानं-फुलं चपटी हवीत आणि पूर्ण वाळलेली हवीत. जुन्या वहीत घालून वर वजन ठेवा, आठ-दहा दिवस. पावसाळ्यात दुप्पट वेळ धरा. ओल राहिली तर मेणाखाली ती तपकिरी डाग होऊन बसते. घाई असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री दहा-दहा सेकंद दाबा, वाफ बंद ठेवून.

बोगनवेलीसारखं सोपं फूल नाही. मुळातच कागदासारखं, रंगही टिकवतं. नेचा सुंदर दिसतो. झेंडूच्या पाकळ्या सुट्या करून लावा, अख्खा झेंडू जाडच राहतो. जास्वंदीच्या नादी लागू नका, काळपट चिकट डाग उरतो. गुलाबाची पाकळी लाल राहत नाही, मरून रंगाची होते, तीही बरी दिसते. सगळ्यात जास्त कौतुक मात्र माझ्या कोथिंबिरीच्या पानांचं झालंय. दाबून वाळवलेलं कोथिंबिरीचं पान पांढऱ्या मेणावर असं काही नाजूक दिसतं, की भाजीच्या जुडीतलं आहे हे सांगितल्यावरही लोकांना पटत नाही. शेवग्याची बारीक गोल पानंही अशीच.

आता चमचा. बऱ्याच जणी तो दुसऱ्या मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवतात, आणि चमच्याच्या पाठीला धरलेली काजळी पांढऱ्या मेणावर फासून बसतात. मीही फासली आहे. त्यापेक्षा स्टीलच्या पेल्यात उकळतं पाणी घ्या, त्यात दोन चमचे उभे ठेवा. एक काढा, फडक्यानं कोरडा पुसा, पान मेणबत्तीवर धरून चमच्याची पाठ पानाच्या मधल्या शिरेवरून कडेकडे फिरवा. दाबायचं नाही, नुसती इस्त्री केल्यासारखी. चार-पाच सेकंदांत चमचा थंड होतो, तो परत पाण्यात, दुसरा हातात.

पान बसलं हे कसं कळतं? त्याचा रंग बदलतो. कोरड्या कापडावर पाण्याचा थेंब पडल्यावर तेवढाच भाग गडद होतो ना, तसं पानाखालून मेण वर येताना दिसतं आणि फिकट हिरवं पान एकदम ओलं, गडद हिरवं होतं. ते गडद होणं टोकापर्यंत पोचलं की थांबायचं. देठ मात्र हट्टी असतो, तो वर उचलून येतो. तिथे चमच्याचं टोक दाबून धरा, नाही ऐकला तर कात्रीनं कापा.

शेवटी वरून मेणाचा एक पातळ पदर द्यायचा, म्हणजे पान आत बंद होतं. साधं पांढरं मेण वितळवून मेणबत्ती आडवी धरायची, खाली ताट ठेवायचं आणि पळीनं पानांवरून मेण सोडत मेणबत्ती फिरवायची. एकच पदर. दोन-तीन दिलेत तर धुकं पडल्यासारखं दिसतं.

वरचे दोन-तीन सेंटिमीटर नेहमी कोरे सोडा. ज्योतीच्या जवळ पान नको.

पेपर नॅपकिनचं चित्र

ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांच्यासाठी ही पद्धत आहे, आणि मी त्यातलीच. छापील नॅपकिन दोन-तीन पदरांचा असतो. कोपरा चोळून पदर सुटे करा आणि फक्त वरचा, चित्राचा पदर घ्या. खालचे ठेवले तर मेण वरपर्यंत झिरपत नाही आणि कागदाची कड दिसत राहते. चित्र कडेनं कापा. फार काटेकोर कापायची गरज नाही, कारण पांढरा भाग मेणात मिसळून नाहीसा होतो.

चित्र मेणबत्तीवर ठेवा, त्यावरून बटर पेपर घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं मागे एका मुठीत धरा. दुसऱ्या हातात हेअर ड्रायर, सगळ्यात गरम हवेवर, चारेक बोटं लांब. एका जागी न थांबता फिरवत राहा. कागदाखाली चित्र हळूहळू उजळतं आणि ओलसर चकाकतं. सगळीकडे चकाकी आली की ड्रायर बंद करा, अर्धं मिनिट थांबा, मग बटर पेपर सावकाश सोला. लगेच सोललात तर चित्रही त्याच्याबरोबर येतं.

नाव किंवा शुभेच्छा लिहायच्या असतील तर भेटवस्तूच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा टिश्यू पेपर वापरा. पर्मनंट मार्करनं लिहा, बॉलपेननं तो फाटतो. देवनागरीत लिहिताना शिरोरेषा आधी पट्टीनं मारून घ्या. गोल मेणबत्तीवर गुंडाळताना कागद जरा जरी तिरका बसला तरी तिरकी शिरोरेषा लगेच डोळ्यांत खुपते, वाकडी अक्षरं एकवेळ खपतात.

गेरूचा रंग आणि कर्कटकाचं टोक

आता माझी सगळ्यात आवडती पद्धत. वर म्हटलं ना, रंगीत मेणबत्ती आतून पांढरी असते. म्हणजे वरचा रंग खरवडला की खाली पांढरी रेघ. गेरूच्या रंगावर पांढरी रेघ म्हटल्यावर डहाणू-पालघरकडच्या भिंती आठवल्या नाहीत तरच नवल. वारली चित्रात तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा बांबूच्या काडीनं भिंतीवर चढवतात. इथे उलटं, रंग काढून पांढरं उघडं करायचं.

रंगासाठी मेणखडू. दुकानात नीट बघून घ्या. प्लॅस्टिक क्रेयॉन मेणात विरघळत नाहीत आणि ऑइल पेस्टलनं मेण चिकट राहतं. हळद-कुंकवाची भुकटी तळाशी बसते आणि खायचा रंग पाण्याचा असल्यामुळे मिसळतच नाही. पाव किलो मेणाला, म्हणजे जुन्या तुकड्यांना, दोन तपकिरी खडू आणि एक लाल. मेणबत्तीच्या पोटात ही रंगद्रव्यं वातीला अडवतात, ज्योत मिणमिणते, म्हणून रंग फक्त वरच्या थरात द्यायचा.

सडपातळ मेणबत्त्यांना उंच पेल्यातलं मेण पुरतं. वातीला धरून बुडवायची, दोन मोजेपर्यंत ठेवायची, एका दमात वर काढायची. एक मिनिट हवेत धरून पुन्हा. तीन-चार वेळा. जास्त वेळ आत ठेवली तर चढलेला थर परत वितळून जातो. मेण फार तापलेलं असेल तर रंग चढत नाही, फार निवलं असेल तर गुठळ्या येतात. थर्मामीटर असेल तर ७० ते ७५ अंश. नसेल तर मेण पूर्ण पारदर्शक झालं की गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. पेल्याच्या कडेला साय धरायला लागली की उशीर झाला, परत तापवा. शेवटचं बुडवणं झालं की लगेच गार पाण्यात एक डुबकी द्या, चकाकी येते.

जाड मेणबत्तीला एवढं मेण कुठून आणायचं? त्याला एक युक्ती आहे. मेण पाण्यावर तरंगतं. उंच स्टीलच्या डब्यात निम्म्यापर्यंत खूप गरम पाणी घ्या आणि वेगळं वितळवलेलं रंगीत मेण त्यावर बोटभर जाडीचं सोडा. मेणबत्ती त्या थरातून खाली जाते आणि वर येताना रंग पांघरून येते. डबा निम्माच भरायचा, कारण मेणबत्ती आत गेली की पाणी वर चढतं. पहिल्या वेळी माझा ओटा गेरूनं सारवून निघाला होता. पाणी आणि मेण असलेला हा डबा पुन्हा गॅसवर ठेवू नका, खालचं पाणी उकळलं तर वरचं मेण उडवतं. दर वेळी मेणबत्ती बाहेर आली की पाण्याचे थेंब टिपून घ्या, नाहीतर ते पदरात अडकतात आणि जळताना तडतडतात.

जाड मेणबत्ती वातीला धरून लोंबकळवू नका. कित्येकींत वात नंतर घातलेली असते, ती सुटून येते आणि मेणबत्ती धप्पकन डब्यात. वरून हातानं धरा आणि तीन चतुर्थांशच बुडवा. वरचा भाग पांढरा राहिलेला छान दिसतो, आणि रंग ज्योतीपासून लांबही राहतो.

अर्ध्या तासानं कोरायला घ्या. पार थंड झाल्यावर रंग कपच्यांनी उडतो, किंचित उबदार असताना त्याची बारीक कुरळी साल निघते. कंपासपेटीतलं कर्कटक यासाठी बनलेलं असावं असं वाटतं. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण म्हणजे धड, वर गोल म्हणजे डोकं, काड्यांचे हातपाय. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर वारली नाचतात, त्या तारपा नाचाचं वेटोळं मी आधी मेणबत्तीवर बसवायला गेले, ते जमेना. मग हात धरलेली नाचणाऱ्यांची नुसती रांग काढली. मेणबत्ती गोलच, त्यामुळे रांग फिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. तारपावाला एका बाजूला, त्याच्यापासून मोजायला सुरुवात करायची. सोळा माणसं बसली, सतराव्याला जागा कमी पडली म्हणून तो मूल झाला.

कोरताना पडलेला रंगीत चुरा हातानं पुसू नका, पांढऱ्या रेघेत घासला जातो. मऊ कोरड्या ब्रशनं झटका. चूक झाली तर रेघ बुजवायच्या फंदात न पडता पूर्ण मेणबत्ती आणखी एकदा बुडवा.

मेणाची पोळी

आमच्या वसईत ख्रिस्ती मुलांच्या फर्स्ट होली कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याच्या विधीला, प्रत्येकाच्या हातात सजवलेली मेणबत्ती असते. शेजारच्या मुलीनं यंदा विचारलं, "काकू, माझ्या मेणबत्तीवर द्राक्षं आणि गहू करून द्याल?" उंच आणि सडपातळ मेणबत्ती, वर उठावाचं नक्षीकाम हवं. बाजारात प्लॅस्टिकची पानं आणि रिबिनी मिळतात, पण पेटत्या मेणबत्तीला प्लॅस्टिक मला पटत नाही. चर्चमधली ईस्टरची मोठी मेणबत्तीच घ्या ना. तिच्यावर क्रूस असतो, अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि त्या वर्षाचे चार आकडे. हे असं काही उठावाचं घरी करायचं तर मेणाचंच करावं.

ताटाला बटर पेपर लावून रंगीत मेण दोन मिलिमीटर जाडीचं ओता. दोन-चार मिनिटांत ते चामड्यासारखं मऊ होतं, बोट लावलं तर ठसा उमटतो पण चिकटत नाही. हीच वेळ. सुरीनं क्रूस, पानं कापा. कडेला नागमोड हवी असेल तर करंजीचं कातण फिरवा, जुनं, बाजूला काढलेलं. द्राक्षांसाठी जांभळ्या मेणाच्या बारीक गोळ्या तळहातावर वळल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. गव्हाचा एकेक दाणा वेगळा करून टोकदार केला. कापलेला तुकडा लगेच मेणबत्तीवर दाबायचा. आधी त्या जागेवर पाच सेकंद ड्रायर धरायचा, म्हणजे दोन्ही बाजू उबदार असतात आणि घट्ट बसतात. तुकडा कडक झाला असेल तर तळहातावर धरा, हाताच्या उबेनं नरमतो. सगळं नक्षीकाम खालच्या अर्ध्या भागात केलं. त्या दिवशी मेणबत्ती जळली असेल जेमतेम दोन बोटं, ती आता त्यांच्या घरच्या अल्टरवर, म्हणजे देव्हाऱ्यावर, उभी आहे.

पिळाची मेणबत्ती

ही दोन वाक्यांत सांगण्याजोगी. सडपातळ मेणबत्ती हाताला सोसवेल त्याहून जरा जास्त गरम पाण्यात आठ-दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग बटर पेपरवर ठेवून लाटण्यानं मधला भाग पट्टीसारखा चपटा करा आणि दोन टोकं धरून हलक्या हातानं पीळ द्या. बूड आणि वातीकडचं टोक मात्र गोलच ठेवा, नाहीतर ती उभी राहणार नाही. तडा गेला तर पुन्हा गरम पाण्यात टाका.

हे नको

चमकी, थर्मोकोल, नायलॉनची लेस, वाळकं गवत. दालचिनीच्या काड्या भोवतीनं उभ्या लावून सुतळी बांधलेली मेणबत्ती फार देखणी दिसते, मीही करते, पण ती शोभेची. पेटवण्याआधी दालचिनी उतरवायची. मुलं अॅक्रिलिक रंगानं रंगवायचा हट्ट धरतात. स्पिरिटनं पुसून, रंगात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातला तर तो कसाबसा बसतो. थोडक्यात ठेवावा, आणि जाड मेणबत्तीवरच.

पेटवताना

वात पाच-सहा मिलिमीटरच ठेवा, लांब वात काजळी धरते. खाली ताटली हवीच.

जाड मेणबत्ती पहिल्यांदा पेटवली की मेण कडेपर्यंत वितळू द्यावं, नाहीतर मधे बोगदा पडतो, असं सगळीकडे सांगतात. साध्या मेणबत्तीला ते बरोबर आहे. सजवलेल्या मेणबत्तीत मला तो बोगदाच हवा असतो. एका वेळी तास-सव्वा तास जाळायची आणि विझवायची. ज्योत हळूहळू आत उतरते, भिंत उभी राहते, आणि कोथिंबिरीचं पान मागून उजेड पडून कंदिलासारखं दिसू लागतं. वात फारच खोल गेली की आतलं मेण चमच्यानं काढून टी-लाइट, म्हणजे पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती, ठेवायचा. अशी एक मेणबत्ती आमच्याकडे तीन दिवाळ्या चालली. खोलीत कुणी नसताना मात्र तीही जळत ठेवायची नाही.

ठेवणीला माळा नको. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली मेणबत्त्या वाकून एकमेकींच्या गळ्यात पडतात. खालच्या कपाटात, आडव्या, एकेक बटर पेपरात गुंडाळून. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. मी एकदा गुंडाळली होती. उन्हाळ्यानंतर उघडली, तर छोट्या जाहिरातींची शाई मेणावर उतरलेली. "भाड्याने देणे आहे" उलट्या अक्षरांत, एक काना इकडचा तिकडे झालेला नाही. इतकं स्वच्छ चित्र मला ड्रायरनं आजवर उतरवता आलेलं नाही.